रिफंडचा मेसेज, व्हॉट्सॲपवरची नोटीस आणि ‘सेटिंगवाले’ : वाचकांचे प्रश्न

जून-जुलै आला की या सदराच्या मेलबॉक्समध्ये ‘रिटर्न कसं भरू’ यापेक्षा ‘हा मेसेज खरा की खोटा’ असेच प्रश्न जास्त पडतात, म्हणून या अंकात फक्त तेच घेतलेत. नाव कुणाचंच छापत नाही, गाव तेवढं दिलंय. काही पत्रं फार लांब होती ती कापलीत, रागावू नका.

प्रश्न : नमस्कार ताई, मी निवृत्त मुख्याध्यापक. एफडीच्या व्याजावर बँकेने टीडीएस कापला म्हणून रिटर्न भरलं, साधारण चौदा हजार परत यायचेत. परवा एसएमएस आला की तुमचा १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झालाय, खाते क्रमांक अमुक अमुक, चुकीचा असल्यास खालच्या लिंकवर जाऊन दुरुस्त करा. तो खाते क्रमांक माझा नाहीच! मुलगा म्हणतो फेक आहे, डिलीट करा. पण समजा खरा निघाला आणि माझे पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले तर? — कराड

उत्तर : सर, मुलगा बरोबर सांगतोय. पण तुम्हाला आलेली शंका वेड्यासारखी अजिबात नाही, कारण मेसेज लिहिणाऱ्याने ती यावी म्हणूनच तो तसा लिहिलाय. १५,४९० चा हा मेसेज २०२३ मध्ये पण फिरत होता आणि तेव्हाच केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने तो खोटा असल्याचं जाहीर केलं होतं. यातली मखलाशी बघा, त्यांना तुमचा खाते नंबर माहीतच नाही, म्हणून मुद्दाम भलताच टाकायचा, मग माणूस घाबरतो आणि स्वतःच खरा नंबर, नेटबँकिंगचा पासवर्ड, सगळं घेऊन धावत जातो. तुमच्या बाबतीत रक्कमही जवळपासची निघाली, हा निव्वळ योगायोग. हजारो लोकांना एकच आकडा पाठवला की चारदोन जणांना तो आपला वाटणारच.

आता खरा रिफंड कसा येतो ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही. तुम्ही रिटर्न भरता, ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करता (म्हणजे ते तुमचंच आहे याची ऑनलाइन खात्री देता), मग ते बेंगळुरूच्या सीपीसीत, म्हणजे आयकर खात्याच्या रिटर्न तपासणाऱ्या केंद्रात प्रोसेस होतं, तुमच्या ईमेलवर कलम १४३(१) चं इंटिमेशन म्हणजे हिशोब तपासल्याचं पत्र येतं आणि पैसे स्टेट बँकेमार्फत थेट त्या खात्यात पडतात जे तुम्ही आयकर पोर्टलवर आधीच प्री-व्हॅलिडेट केलेलं, म्हणजे पडताळून घेतलेलं असतं. खात्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळलं तरच ते व्हॅलिडेट होतं, त्यामुळे ‘दुसऱ्याच्या खात्यात गेले तर’ ही भीती काढून टाका. खातं बंद पडलं किंवा आयएफएससी बदलला म्हणून रिफंड फेल होतो, हे मात्र खरोखर घडतं. पण त्याचा उपाय लॉगिनच्या आतच आहे, ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘रिफंड रीइश्यू’ म्हणून. कुठल्याही लिंकवर जाऊन खाते नंबर दुरुस्त करायची सोय आयकर खात्याने ठेवलेलीच नाही.

आणि उशीर झाला म्हणून जिवाला घोर लावून घेऊ नका. रिटर्न वेळेत भरलेलं असेल तर रिफंडवर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं (रिफंड एकूण टॅक्सच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नाही, पण तुमचं तसं नसावं). ‘२४ तासांत लिंक एक्स्पायर होईल’ वगैरे भाषा सीपीसीची नसते, ती ठगांची.

लिंक नुसती डोळ्याने बघायची असेल तर पत्त्यात सुरुवातीच्या ‘https://’ नंतर पहिली तिरकी रेघ येते तिच्या लगेच आधी काय आहे ते वाचा. तिथे ‘डॉट गव्ह डॉट इन’ हवं. ‘इन्कमटॅक्स-गव्ह-इन’ असं आडव्या रेघा मारून लिहिलेलं आणि शेवटी डॉट कॉम, डॉट टॉप, डॉट एक्सवायझेड असलं काही, म्हणजे ती दुसऱ्याच कुणाची तरी साईट. पण खरं सांगू का, हा अभ्यास करतच बसू नका. मेसेज खरा असो की खोटा, त्यातल्या दारातून आत जायचंच नाही, ब्राउझरमध्ये पोर्टलचा पत्ता स्वतः टाईप करून लॉगिन करायचं. काही असेल तर ते आत दिसतंच.

प्रश्न : ताई सगळीकडे सांगतात ओटीपी कुणालाच देऊ नका, अगदी कॉलर ट्यूनवर पण ऐकून कंटाळा आला. पण आमचे सीए दरवर्षी फोन करून ओटीपी मागतात, त्याशिवाय रिटर्न पूर्ण होत नाही म्हणतात. मग द्यायचा का नाही? — चिपळूण

उत्तर : तुमचे सीए खोटं बोलत नाहीयेत. ई-व्हेरिफाय करायला आधारचा ओटीपी लागतो आणि रिटर्न त्यांच्या ऑफिसात भरलं जात असेल तर तो नंबर त्यांच्यापर्यंत पोचवावा लागतो. ‘कुणालाच नाही’ हा नियम चांगलाच आहे पण रिटर्न भरताना तो असा अडतो आणि मग लोक सगळंच सोडून देतात. माझं म्हणणं, दोन गोष्टी बघा. एक, फोन कुणी केला? तुम्ही ज्यांच्याकडे कागद दिलेत त्यांनीच केला ना, त्यांच्याच नेहमीच्या नंबरवरून? शंका आली तर ठेवून द्या आणि स्वतः परत लावा. दुसरं, ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा, नुसते सहा आकडे बघून सांगू नका. तो कशासाठी आहे हे त्यातच लिहिलेलं असतं. मेसेज बँकेचा असेल, त्यात रक्कम लिहिली असेल, तर समोर प्रत्यक्ष सीए बसलेले असले तरी द्यायचा नाही, रिटर्नशी त्याचा काही संबंध नाही.

सगळ्यात बरं म्हणजे सीएंना रिटर्न अपलोड करू द्या आणि ई-व्हेरिफाय तुम्ही घरी बसून स्वतः करा, पाच मिनिटांचं काम आहे आणि ३० दिवस हातात असतात. चांगला सीए याला नाही म्हणत नाही.

प्रश्न : हाय मॅम, मी हिंजवडीत आयटी कंपनीत आहे. आमच्या टीममधल्या एकाने एका ‘टॅक्स एक्स्पर्ट’चा नंबर दिला होता, तो सगळ्यांना मोठा रिफंड काढून देतो आणि रिफंडच्या १५% घेतो. गेल्या वर्षी मला ६२,००० मिळाले, मी त्याला ९,३०० दिले. पॅन, आधार, फॉर्म १६ आणि पोर्टलचा पासवर्ड दिला होता, बाकी काही विचारलं नाही त्याने. आता ऑफिसात कुजबुज आहे की दोघातिघांना इन्कम टॅक्सकडून मेल आलेत की तुमचं डिडक्शन तपासा. मला मेल आला नाही. हे मेल स्कॅम असतील ना? आणि मी सेफ आहे ना? — पुणे

उत्तर : तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर तुला आवडणार नाहीये. ते मेल बहुतेक खरे आहेत, आणि स्कॅम जो व्हायचा तो गेल्या वर्षीच झालाय, तुझ्या पासवर्डने.

विचार कर, तू पगारदार आहेस, कंपनी दर महिन्याला हिशोब करून टीडीएस कापते, मार्चमध्ये सगळं जुळवते, मग ६२,००० जास्तीचे कापले जातील कसे? ते कुठून तरी ‘निर्माण’ करावे लागतात. त्यासाठी हे लोक जी कलमं वापरतात ती ठरलेली आहेत, राजकीय पक्षाला देणगी म्हणजे ८०जीजीसी, धर्मादाय देणगी ८०जी, शिक्षणकर्जाचं व्याज ८०ई, मेडिक्लेम ८०डी, आजारपण ८०डीडीबी आणि खोटं घरभाडं. तू ज्याचं नावही ऐकलं नाहीस अशा पक्षाला तुझ्या नावाने लाखालाखाची देणगी दाखवलेली असू शकते. फॉर्म १६ मध्ये त्यातलं काही नाही आणि रिटर्नमध्ये अचानक उगवलंय, हे कॉम्प्युटरला शोधायला किती वेळ लागतो?

१४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने देशभरात १५० हून जास्त ठिकाणी एकाच वेळी तपासणी केली ती याच एजंटांची, महाराष्ट्र त्यात होताच. त्यावेळी सीबीडीटीने (आयकर खात्याच्या वरच्या मंडळाने) सांगितलं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे क्लेम स्वतःहून मागे घेतले. आणि त्यातच एक गोष्ट होती जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : हे एजंट थोक भावात रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ईमेल आयडी काढतात, नंतर ते सोडून देतात, आणि खात्याच्या नोटिसा तिथेच न वाचता पडून राहतात. म्हणजे तुला मेल आला नाही याचा अर्थ ‘आला नाही’ असा नसून ‘तुझ्यापर्यंत आला नाही’ असाही असू शकतो.

तेव्हा हे वाचून झालं की आजच बस. पोर्टलवर ‘फर्गॉट पासवर्ड’ करून आधार ओटीपीने पासवर्ड बदल. मग प्रोफाइलमध्ये जाऊन मोबाईल आणि ईमेल कुणाचा आहे ते बघ, त्याचा असेल तर काढ आणि स्वतःचा टाक. बँक खाती कुठली जोडलीत तेही बघ, अनोळखी खातं असेल तर उडव. ‘ई-फायलिंग व्हॉल्ट’ म्हणून सोय आहे, ती चालू केलीस की नुसत्या पासवर्डने कुणी आत येऊ शकत नाही. ‘पेंडिंग ॲक्शन्स’ आणि ‘ई-प्रोसीडिंग्ज’ उघडून काही नोटीस पडलीय का बघ. आणि गेल्या वर्षीचं रिटर्न पीडीएफमध्ये डाऊनलोड करून एकेक शेड्यूल वाच, जे तू दिलं नाहीस ते तिथे असेल तर ओळखू येईलच.

खोटं निघालं तर पुढे काय? रिव्हाइज्ड रिटर्नची मुदत असेल तर ते भर, गेली असेल तर अपडेटेड रिटर्न, ज्याला आयटीआर-यू म्हणतात. ते संबंधित असेसमेंट इयर (कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून चार वर्षांपर्यंत भरता येतं पण जितका उशीर तितकं महाग, पहिल्या वर्षात टॅक्स आणि व्याजावर २५ टक्के जास्त, मग ५०, ६०, ७०. म्हणजे पहिल्याच वर्षात भरलंस तरी ६२,००० परत, त्यावर किमान १५,५०० आणि वर व्याज, शिवाय एजंटचे ९,३०० गेले ते गेलेच. जड आहे, माहितीये. पण खात्याने आधी पकडलं तर चुकीची माहिती दिल्याबद्दल दंड बुडवलेल्या टॅक्सच्या २०० टक्के लागू शकतो, आणि एकदा असेसमेंट, म्हणजे खात्याकडून रिटर्नची तपासणी सुरू झाली की आयटीआर-यूचा रस्ताही साधारणपणे बंद. ‘मला माहीत नव्हतं, त्याने केलं’ हे चालत नाही, रिटर्नवर तूच ई-व्हेरिफाय केलंयस. हे काम मात्र मेंबरशिप नंबर असलेल्या खऱ्या सीएकडूनच करून घे, त्याच ‘एक्स्पर्ट’ला फोन करून ‘आता काय करू’ विचारू नकोस, तो अजून पैसे मागेल नाहीतर फोन बंद करेल.

टीममधल्या बाकीच्यांनाही सांग, कटुता आली तरी चालेल.

प्रश्न : माझं इचलकरंजीत कापडाचं दुकान आहे. व्हॉट्सॲपवर सिंहाचा शिक्का असलेली पीडीएफ आली, कलम १४८ ची (जुनं रिटर्न पुन्हा उघडण्याची) नोटीस, त्यावर माझं नाव, दुकानाचा पत्ता आणि पॅन एकदम बरोबर. पाठोपाठ हिंदीत बोलणाऱ्या ‘ऑफिसर’चा फोन, केस क्लोज करायची तर १८,००० आजच भरा, नाहीतर उद्या खातं फ्रीज आणि व्हिडिओ कॉलवर हजर राहावं लागेल. पैसे भरले नाहीत अजून पण रात्रभर झोप नाही. पॅन त्यांना कसा कळला? — इचलकरंजी

उत्तर : दादा, पॅन तुमच्या दुकानाच्या पाटीवर लिहिलेला आहे. चेष्टा नाही करत. जीएसटी नंबर बघा, १५ अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, आपल्याकडे २७, आणि त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचा पॅन जसाच्या तसा. तो पाटीवर, बिलावर, सगळीकडे असतो आणि कायद्याने ठेवावाच लागतो. त्यामुळे पॅन बरोबर आहे म्हणून नोटीस खरी, हे डोक्यातून काढा.

नोटीस खरी का ते बघायचा रस्ता सोपा आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर डीआयएन नावाचा, त्या पत्राची ओळख सांगणारा नंबर असतो. पोर्टलच्या होमपेजवरच ‘ऑथेंटिकेट नोटीस/ऑर्डर’ अशी लिंक आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही, डीआयएन आणि मोबाईल नंबर टाकून ओटीपी दिला की ती नोटीस खात्याने काढलीय की नाही ते समजतं. खोट्या पीडीएफवरही डीआयएनसारखं काहीतरी छापलेलं असतं बरं का, त्यामुळे नुसता नंबर दिसला म्हणून थांबू नका, टाकून बघा. खरी असेल तर तीच नोटीस तुमच्या लॉगिनमध्येही असणार, मग सीएला दाखवा आणि मुदतीत उत्तर द्या, दुर्लक्ष मात्र करू नका.

फोनवरचा माणूस मात्र तपासायचीही गरज नाही. असेसमेंट आता फेसलेस आहे, म्हणजे अधिकारी समोर येत नाही, पत्रव्यवहार पोर्टलवरून होतो, आणि टॅक्स भरायचाच असला तर तो ‘ई-पे टॅक्स’मधून चलन काढून सरकारी खात्यात जातो, कुणाच्या यूपीआय आयडीवर किंवा क्यूआर कोडवर नाही. ‘केस क्लोज करायची फी’ असला प्रकारच अस्तित्वात नाही. व्हिडिओ कॉलवर हजर राहणं म्हणजे ते डिजिटल अरेस्टचं नाटक, भारतीय कायद्यात असं काही नाही, कॅमेऱ्यासमोर बसवून कुणी कुणाला अटक करत नसतं. नंबर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट काढा आणि सरकारच्या ‘संचार साथी’ साईटवर संशयास्पद फोन कळवायची ‘चक्षू’ नावाची सोय आहे, तिथे टाका. आणि आज झोपा निवांत.

प्रश्न : माझा मुलगा न्यूजर्सीला असतो. त्याला फोन आला की आयआरएसचा (तिकडच्या आयकर खात्याचा) टॅक्स थकलाय, गिफ्ट कार्डने भरा नाहीतर व्हिसा रद्द करून डिपोर्ट करू. बोलणाऱ्याचा इंग्लिश उच्चार अमेरिकन नव्हता म्हणे, पण नाव अमेरिकन सांगत होता. तिथेही असं होतं? — ठाणे

उत्तर : काकू, तुम्ही ठाण्याच्या ना, मग आठवत असेल. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तुमच्या शेजारच्या मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी घालून शेकडो पोरं ताब्यात घेतली होती. ती पोरं रात्रभर हेच करायची, अमेरिकन नाव सांगून आयआरएसचा अधिकारी म्हणून तिकडच्या लोकांना धमकवायचं आणि गिफ्ट कार्डचे नंबर वदवून घ्यायचे. म्हणजे मुलाला आलेला फोन अमेरिकेतूनच असेल असं काही नाही!

मुलाला सांगा, आयआरएस पहिला संपर्क साधारणपणे टपालाने करते, गिफ्ट कार्डने टॅक्स घेत नाही आणि व्हिसा रद्द करणं हे तिचं कामच नाही. शंका असेल तर आयआरएसच्या साईटवर स्वतःचं अकाउंट उघडून बाकी आहे का ते बघावं. तिकडे रिटर्न भरून देणाऱ्याकडे पीटीआयएन नावाचा नंबर असावा लागतो आणि रिटर्नवर त्याची सही लागते. ‘सही तुम्हीच करा, माझं नाव नको’ असं म्हणणारा आपल्या पुण्याच्या एक्स्पर्टचाच भाऊ समजायचा.

प्रश्न : ताई, वडिलांनी व्हॉट्सॲपवर आलेली ‘आयटीआर रिफंड’ नावाची एपीके फाईल (मोबाईलवर ॲप बसवणारी) इन्स्टॉल केली. दुसऱ्या दिवशी खात्यातून ४८ हजार गेले, ओटीपी त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता. बँक म्हणते तुमचीच चूक. परत मिळतील का? — म्हापसा

उत्तर : ओटीपी सांगावा लागलाच नाही कारण ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी घेतं आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवतं. नवीन नाही हे, २०२१ मध्ये सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सर्ट-इनने ‘ड्रिनिक’ नावाच्या मालवेअरबद्दल इशारा दिला होता, तेही आयकर रिफंडचंच सोंग घेऊन २७ बँकांच्या ग्राहकांच्या मागे लागलेलं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला नसेल तर हे वाचणं सोडून आधी तो लावा, मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर बँकेला लेखी द्या. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असतात, जिथे अजून पडून असतील तिथे ते गोठवता येतात, म्हणून तास तास महत्त्वाचा. पहिल्या दिवशी कळवलेल्यांना काही ना काही मिळण्याची शक्यता बरी असते, आठवडा गेल्यावर फार कमी.

बँकेच्या ‘तुमचीच चूक’वर गप्प बसू नका. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेलेले पैसे ग्राहकाचेच, हे त्यात आहे खरं, पण तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या अंगावर, हेही आहे. शिवाय चूक दोघांचीही नसून मधल्या तिसऱ्यामुळे पैसे गेले असतील आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल तर ग्राहकावर शून्य जबाबदारी. तुमचं प्रकरण यातल्या कशात बसतं यावर वाद होईल, तो घाला. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

आणि तो फोन! त्याचं इंटरनेट बंद करा, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदला आणि मगच फॅक्टरी रीसेट मारा. पण त्याआधी त्या चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा, पोलिसांना लागतात. वडिलांना घरात कुणी बोलू नका प्लीज, लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणारे खूप बघितलेत.

प्रश्न : ‘पॅन २.० आलंय, जुनं कार्ड बंद होणार, नवीन ई-पॅन डाउनलोड करा’ असा मेल आलाय. करू का? — नांदेड

उत्तर : नको. पॅन २.० ही योजना खरी आहे, केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली, पण त्यासाठी जुनं कार्ड बदलायची गरज नाही असं सरकारने तेव्हाच सांगितलंय. मेलमधली लिंक न उघडता तो वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन वर फॉरवर्ड करा. छापील कार्ड हरवलं असेल तर अधिकृत साईटवरून रीप्रिंट मागवा, देशातल्या पत्त्यावर ५० रुपयांत घरपोच येतं.